कॅसेट न लावता

एका जागी बूड टेकेल तर शपथ, असं आई माझ्याबद्दल म्हणायची. टेक्ससमधल्या प्लेनोला आल्यावर सुरुवातीची काही वर्षं मला सक्तीनं बूड टेकून बसावं लागलं, कारण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला नोकरी करायची परवानगी नव्हती. अमरावतीला मी ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवत होते, सकाळी क्लासेस घेत होते, आणि इथे दिवसातून चारदा ओटा पुसत होते. ओटा पुसून झाला की खिडकीच्या पट्ट्या पुसायचे. एकदा नवऱ्याचे ऑफिसचे बूट पॉलिश करून ठेवले, तेव्हा तो घाबरलाच. म्हणाला, "तू ठीक आहेस ना? इंडियाची ट्रिप प्लॅन करू या का?"

ग्रीन कार्डाच्या अर्जापाठोपाठ माझं वर्क परमिट आलं आणि समोर आलेल्या पहिल्या नोकरीला मी हो म्हणून टाकलं. हायवेलगतच्या एका बुटक्या इमारतीत, दाताच्या दवाखान्याला लागून, चार खोल्यांचं ऑफिस होतं. परदेशातून अमेरिकेत शिकायला येऊ पाहणाऱ्या बारावीच्या मुलांसाठी इंग्रजीच्या परीक्षा तयार करायच्या, हे आमचं काम. लहानसहान खाजगी कॉलेजं आम्हाला ते द्यायची. मोठ्या प्रसिद्ध परीक्षांशी आमचा काही संबंध नव्हता. आम्ही म्हणजे घरगुती पापड-लोणच्यातले.

ऑफिसची मालकीण एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका होती. टेक्ससची, उंच, पांढरे केस, आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत जावा. इथे सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात, तशी मीही मारायचे, पण मनातल्या मनात तिला बॉसबाईच म्हणायचे. दुसरी माझ्या शेजारच्या टेबलावरची. ती चीनमधून आलेली, माझ्याच वयाची, तिकडे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलेली. दोन हजार दोन साली इकडे येऊन तिनं परीक्षाशास्त्रात मास्टर्स केलं आणि मग इथे लागली. तिचं नाव इथे नको, तिला मी शेजारीणच म्हणते. आमच्या वयात, धंद्यात आणि डब्याच्या वेळेत काडीचा फरक नव्हता. फरक एकच होता. माझ्या वर्क परमिटला ही नोकरी लागत नव्हती, तिच्या व्हिसाला लागत होती. नोकरी गेली तर तिनं आणि तिच्या व्हिसावर आलेल्या तिच्या नवऱ्यानं सामान बांधायचं.

दुपारी आम्ही डबे उघडायचो. ती चहाच्या पाण्यात उकळलेली अंडी आणायची, मी पोळी-भाजी. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीतून, तिचं तिच्या वळणाचं आणि माझं माझ्या. एकदा ती म्हणाली होती, "माझा वर्ग यंदा शेवटच्या वर्षाला आहे." तिच्या शाळेत सहावीनंतरची सगळी वर्षं एकाच आवारात होती, आणि तिकडे वर्गशिक्षिका म्हणजे नुसती हजेरी घेणारी बाई नसते. पोराला ताप आला तर घरी पोचवायची तीच, आईबापांचं भांडण मिटवायचं तिनंच. या वर्गाला तिनं सातवी-आठवीत सांभाळलं होतं आणि मग सोडून आली होती. चार वर्षं झाली तरी ती "माझा वर्ग"च म्हणायची. मला ते कळायचं. माझी एक बॅच अमरावतीत माझ्याविना बारावीला बसली, त्याची टोचणी मलाही होतीच.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, एका कॉलेजानं चीनमधल्या एका शाळेशी बोलणी केली. त्या शाळेचा शेवटच्या वर्षाचा एक वर्ग आमची परीक्षा देणार, आणि जी मुलं ऐकणं आणि वाचणं दोन्हीत ठरलेल्या रेषेच्या वर जातील ती थेट ऑगस्टमध्ये टेक्ससला येणार. तिकडे जूनमध्ये त्यांची ती देशभराची मोठी परीक्षा असतेच. तिच्यात घसरलेल्यांना ही दुसरी शिडी. वाचनाचा पेपर शेजारणीनं काढला. ऐकण्याचा बॉसबाईंनी स्वतः काढला, त्यावर त्यांचा भारी जीव. दोन्हींच्या उत्तरांची तपासणी शेजारणीकडे आणि ध्वनिमुद्रण माझ्याकडे.

ध्वनिमुद्रण म्हटलं की लोकांना काचेमागचा स्टुडिओ दिसतो. आमचा स्टुडिओ म्हणजे सामानाची खोली. भिंतींवर आवाज घुमू नये म्हणून मी घरून दोन गोधड्या आणून टांगल्या होत्या. एसीची घरघर कॅसेटवर येते म्हणून एसी बंद. फ्रिजही गुणगुणतो म्हणून त्याची पिन काढायची, आणि नंतर लावायचं विसरू नये म्हणून बॉसबाई गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायच्या. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज आठवतोच. टेक्ससच्या उकाड्यात, गोधड्यांच्या मधोमध, दोन माणसं घाम पुसत वाचायची: "माफ करा, वाचनालय कुठे आहे?" वाक्य संपेपर्यंत हलायचं नाही, खुर्ची करकरू द्यायची नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच. आणि नेमक्या वेळी शेजारच्या दवाखान्यात कोणाच्या तरी दाढेत ड्रिल सुरू व्हायचं.

सीलबंद पाकिटं गेली, परीक्षा झाली, उत्तरपत्रिका आल्या. शेजारीण त्या दिवसांत अंडी आणायला विसरायची. निकाल लागला त्या सकाळी बॉसबाईंनी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आमची दारं पातळ होती आणि बॉसबाईंचा आवाज काही पातळ नव्हता.

वाचनात त्या वर्गाला बरे, बेताचे मार्क होते. ऐकण्यात मात्र बहुतेक सगळ्यांना भरघोस. हे उलटं होतं. तिकडची मुलं पुस्तकावर वाढलेली, इंग्रजी बोलणारा माणूस आयुष्यात न पाहिलेली, त्यांचं वाचन पुढे आणि कान मागे असतो, हे आमच्या धंद्यात कोणीही सांगेल. इथे कान पुढे पळाले होते. कॉलेजच्या माणसानं फोनवर एकच शब्द वापरला, कॉपी. उत्तरं आधीच पोचली असणार. आणि उत्तरं होती कोणाकडे?

"ही शाळा तुझ्या ओळखीची आहे का?" बॉसबाईंनी विचारलं.

"हो," शेजारीण म्हणाली. "हा माझा वर्ग आहे."

ते तिनं अगदी सरळपणे सांगितलं. तिनं लपवलं नव्हतं, तिला कोणी विचारलंच नव्हतं. आणि मला तर तिनं डबा खाताना हा तोच वर्ग असल्याचं सांगितलंही होतं, पण ते बॉसबाईंच्या कानावर घालायला हवं, हे सुचलं नव्हतं. मग मला आत बोलावलं. तुला माहीत होतं का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. बॉसबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. बाई वाईट नव्हत्या, पण बाईंना कॉलेजला तोंड द्यायचं होतं. चौकशी होईपर्यंत शेजारणीनं ऑफिसात येऊ नये, तिची किल्ली इथे ठेवावी, आणि काही हाती लागलं तर कंपनी तिच्या व्हिसामागे उभी राहू शकणार नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. वर्गाचा निकाल रद्द आणि शाळेला कळवताना कारण तेच, कॉपी.

शेजारीण बाहेर आली, टेबलावरचं तिचं बांबूचं रोप उचललं, परत खाली ठेवलं. मला म्हणाली, "पाणी घाल याला. मी काही पाठवलं नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

ती गेली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कॉलेजवर, बॉसबाईंवर, आणि थोडा तिच्यावरही. एवढं सरळ कोणी असावं का? संध्याकाळी घरी भांडी आपटायला लागले तेव्हा नवऱ्यानं टीव्ही म्यूट केला.

"पण समजा तिनं खरंच लीक केलं असेल तर?" तो म्हणाला. "आय मीन, तिची मुलं आहेत यार. इमोशनल होऊन माणूस करतो."

"ती करणार नाही."

"अगं पण डेटा तर तेच सांगतोय ना. प्रूफ काय आहे तुझ्याकडे?"

माझ्याकडे प्रूफ नव्हतं, नुसता राग होता, आणि तो तर मला रोजच असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढं मला दिसत होतं, पण चोर कोण, ते दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बॉसबाईंनी मला एक काम दिलं. कॅसेट आणि पेपर घेऊन बस, कुठे काही गडबड राहिली आहे का बघ. म्हणजे एखाद्या प्रश्नाचं उत्तर कॅसेटवर जास्तच ठळक वाचलं गेलं असेल, एखादा आवाज अडखळला असेल. मी पेपर पुढे घेतला, कॅसेट हातात घेतली आणि टेपरेकॉर्डर शोधायला उठले. तो सामानाच्या खोलीत नव्हता, बॉसबाईंच्या गाडीत राहिला होता आणि बॉसबाई गाडी घेऊन कॉलेजात गेल्या होत्या. आता आली का पंचाईत. बाई परत येईपर्यंत काय करायचं? रिकामं बसणं माझ्या रक्तात नाही. पेन्सिल उचलली आणि पेपर सोडवायला लागले.

हे मी विचार न करता केलं, हे इथे सांगायला हवं. कारण पुढे सगळ्यांना वाटलं की मी काही युक्ती लढवली. युक्ती वगैरे काही नव्हती. प्रश्न समोर असले की माझा हात पेन्सिलकडे जातो, जसा जेवण झालं की बडीशेपेकडे.

पहिला प्रश्न. ती बाई वाचनालयात कशाला गेली? पर्याय: पुस्तक परत करायला, मैत्रिणीला भेटायला, नकाशा बघायला, झोप काढायला. झोप हा गंमत म्हणून टाकलेला पर्याय, तो गेला. दुसरा प्रश्न, मैत्रिणीला उशीर का झाला? म्हणजे मैत्रीण होती. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यानं सांगून टाकलं. तिसऱ्यात चार पर्यायांपैकी दोन एकमेकांच्या बरोबर उलटे होते. काढणारा माणूस उत्तर लिहितो आणि लगेच त्याचं उलट लिहितो, म्हणून उत्तर त्या दोघांतच. आणि त्या दोघांतून जे जरा लांबलचक, सावधपणे लिहिलेलं, ते बरोबर. कारण खऱ्या उत्तराला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून पेपर काढणारा ते जपून लिहितो. खोटं उत्तर मात्र कसंही. परीक्षेतल्या संवादात पुरुषानं सिनेमा सुचवला की बेत नक्की बदलतो. गाडी वेळेवर सुटत नाही. पहिल्यांदा सांगितलेली वेळ कधीच शेवटची नसते. हे सगळं मला कोणी एका दिवशी शिकवलं नाही. आम्ही असेच वाढलो. आमच्या सरांचं पहिलं वाक्य असायचं, "उतारा नंतर, आधी प्रश्न." तेच मी पुढे माझ्या मुलांना सांगितलं आणि त्यांनी त्यांच्या धाकट्या भावंडांना सांगितलं असणार.

पान उलटताना माझा हात थांबला. मी उत्तरांचा कागद काढून ताडून पाहिलं. थोडी चुकली होती. बाकी सगळी बरोबर, एकही आवाज न ऐकता.

मी उठून खोलीभर फिरले. पाणी प्यायले. बांबूच्या रोपाला पाणी घातलं, सकाळी घातलेलं असूनही. त्या मुलांनी कॉपी केली नव्हती. त्यांनी प्रत्येक संवादाआधी मिळणाऱ्या शांततेत प्रश्न वाचले होते, पर्याय तोलले होते, आणि कॅसेट सुरू होईतो त्यांची निम्मी उत्तरं तयार होती. कॅसेटवर फक्त शिक्कामोर्तब. वाचनाचा पेपर त्यांना अवघड गेला, कारण तो शेजारणीनं काढला होता, आणि तिला या सगळ्या पळवाटा आपल्या अंगणातल्यासारख्या ठाऊक होत्या. तिनं त्या बुजवल्या होत्या. बॉसबाईंना त्या आहेत हेच माहीत नव्हतं.

आता हे बॉसबाईंना सांगायचं म्हणजे तुमचाच पेपर भुसकट आहे, असं तोंडावर सांगायचं. हात दाखवून अवलक्षण. नवी नोकरी, गोऱ्या बाई, त्यांच्या जिवाचा पेपर. मी बाथरूममध्ये जाऊन वाक्यं जुळवली आणि बाहेर आले तर बॉसबाई परत आल्या होत्या, तेव्हा त्यातलं एकही आठवलं नाही.

"मी कॅसेट न लावता पेपर सोडवला," मी म्हटलं, आणि मार्कांचा कागद पुढे केला.

बॉसबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "पण हा संवाद तूच रेकॉर्ड केलास. तुझ्या डोक्यात आहे तो."

बरोबर होतं त्यांचं. बाई उगाच मुख्याध्यापिका झाल्या नव्हत्या. त्यांनी कपाट उघडलं, पुढच्या वर्षासाठी काढून ठेवलेला, अजून रेकॉर्ड न झालेला पेपर काढला आणि म्हणाल्या, "हा कोणी पाहिलेला नाही. बस इथे."

मी त्यांच्या समोर बसले. त्या माझ्या पेन्सिलीकडे बघत होत्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेला घाबरले, कारण या वेळी मार्क माझे नव्हते. सोडवून झाल्यावर त्यांनीच तपासलं. पुन्हा तेच, बहुतेक बरोबर. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मागच्या वर्षी दुसऱ्या कोणाकडून काढून घेतलेला एक पेपर त्यांनी शोधून आणला आणि त्या स्वतः सोडवायला बसल्या, कॅसेट न लावता. ओठ हलवत, कपाळाला आठ्या घालून. त्यांना फारच थोडी उत्तरं जमली. माणसं वाचनालयात खरोखर कशाला जातात, याचा त्या विचार करत होत्या.

"तुम्ही हे कुठे शिकता?" त्यांनी विचारलं.

"शाळेत," मी म्हटलं.

"आणि तीही हेच शिकवायची?"

"सातवीपासून."

बॉसबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "म्हणजे त्या मुलांना ऐकून काहीच कळत नाही."

"असं मी म्हटलं नाही," मी जरा तोडूनच बोलले. "तुम्ही ते अजून विचारलेलंच नाही त्यांना."

त्याच दुपारी त्यांनी शेजारणीला फोन केला आणि माफी मागितली, आडवळण न घेता. कॉपी हा शब्द मागे घेतल्याचं शाळेला कळवलं. शेजारीण दुसऱ्या दिवशी आली. ती माझ्या गळ्यात पडेल, अशी माझी भाबडी अपेक्षा होती. तिनं मला वाकून नमस्कार करतात तसं डोकं झुकवलं आणि विचारलं, "आणि मुलांचं काय?"

मुलांचं असं होतं की जुना निकाल बाद. ऐकण्याची परीक्षा परत. नवा पेपर काढायचा तो मी, कारण, बॉसबाईंच्या शब्दांत, सगळी भोकं मला माहीत होती. आणि कॉलेजची अट अशी की शेजारणीला पेपरचा वासही लागता कामा नये. हात-दीड हात अंतरावरच्या टेबलांवर आम्ही बसायचो. मी फाइल उघडली की ती खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करायची. मी ताकास तूर लागू देत नव्हते आणि ती विचारतही नव्हती. डबे आम्ही एकत्रच खायचो पण बोलायला विषय उरला नाही. ते दिवस मला आठवतात ते खालमानेनं खाल्लेल्या भेंडीच्या भाजीसारखे, घास गिळायचा आणि उठायचं. मी दर दहा मिनिटांनी उठून झेरॉक्स मशीनपर्यंत जाऊन यायचे. कशाला, ते मशीनलाही माहीत नसेल.

पेपर मी जीव तोडून काढला. प्रत्येक पर्याय कॅसेटवर कोणीतरी उच्चारलेला असेल, सगळे सारख्या लांबीचे, कोणीच गमतीचा नाही, एका प्रश्नाचा दुसऱ्याला सुगावा नाही. पळवाट दिसली की बुजवायची. बुजवताना एकीकडे मजा येत होती हे खोटं कशाला सांगू, आणि दुसरीकडे प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे चीनमधलं ते न पाहिलेलं पोर यायचं, पेन्सिल घेऊन शांततेत बसलेलं. शिवाय मला वाचून दाखवलेले संवाद नको होते. मी दवाखान्याच्या रिसेप्शनिस्टला आणि पार्सलवाल्याला गोधड्यांच्या खोलीत बसवलं, विषय दिला आणि म्हटलं, बोला आपापसात. ते बोलले, टेक्ससमध्ये बोलतात तसं, शब्दांना शब्द चिकटवत, मध्येच हसत, एकमेकांची वाक्यं तोडत. मला ते लिहून काढायला पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकावं लागलं.

एकदाच, डबा झाकताना, शेजारणीनं विचारलं, "कॅसेट दोनदा वाजवणार ना? आमच्याकडे दोनदा वाजवतात."

मी मानेनंच हो म्हटलं. नियमानं तेवढंही सांगायला नको होतं.

निकाल मे महिन्यात लागला. ऐकण्याचे मार्क धाडकन खाली आले होते. मोजकीच मुलं रेषेच्या वर गेली, बाकीचा वर्ग खाली. बॉसबाईंनी माझी पाठ थोपटली, कॉलेजचा माणूस म्हणाला, "आता हे आकडे खरे वाटतात." मला आनंद झाला आणि त्या आनंदाची शिसारीही आली. शेजारणीवरचा डाग पुसला होता, तिची नोकरी राहिली, व्हिसा राहिला, तिच्या वर्गाला कोणी चोर म्हणणार नव्हतं. हे सगळं मी केलं. आणि ऑगस्टमध्ये येऊ शकली असती ती बरीच मुलं आता येणार नव्हती, तेही मीच केलं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "फेअर आहे ना पण?" फेअर होतं. म्हणूनच मला कोणावर ओरडता येत नव्हतं.

आता पेपर झाकून ठेवायचं कारण नव्हतं. संध्याकाळी बॉसबाई गेल्यावर शेजारीण माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "दे." तिनं पेपर उभ्यानंच चाळला. एकदा सावकाश, एकदा भरभर. ती काय करतेय ते मला कळत होतं. ती पळवाटा शोधत होती. पेपर खाली ठेवून म्हणाली, "नाही सापडत." तिच्या आवाजात मास्तरणीचं कौतुक होतं. मग म्हणाली, "आता टेप लाव."

तिनं कानांवर हेडफोन घातले. मी समोर बसून तिची पेन्सिल बघत होते. पहिल्या संवादाला पेन्सिल चालली. दुसऱ्याला अडखळली. पार्सलवाला हसून काहीतरी बोलला तिथे तिनं डोळे मिटून घेतले. नियमाप्रमाणे दोनदाच ऐकलं, तिसऱ्यांदा नाही. संपल्यावर कागद माझ्याकडे सरकवला. मी तपासला. परत तपासला, या आशेनं की आपणच चुकलो असू.

ती रेषेच्या खाली होती. फार नाही, पण खाली.

चार वर्षं या देशात राहिलेली, इथे मास्टर्स केलेली, इंग्रजीची शिक्षिका. मी म्हटलं, आवाजच वाईट आहेत, मलाही मागे नेऊन नेऊन ऐकावं लागलं. ते खरंही होतं. मी स्वतः त्या रेषेच्या वर गेले असते का, हे मला कधीच कळणार नव्हतं, कारण उत्तरं मीच लिहिली होती.

"पेपर चांगला आहे," ती म्हणाली. रडली नाही, चिडली नाही. घड्याळाकडे बघितलं. "तिकडे सकाळ झाली. त्यांचा वाचनाचा तास सुरू असेल."

पर्समधून कॉलिंग कार्ड काढून तिनं लांबलचक नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला. आता तो वर्ग ज्यांच्याकडे होता त्या सरांनी उचलला. ती काहीतरी बोलली. खरखर झाली, त्यांनी फोन वर धरला असावा, आणि पलीकडून पन्नास-साठ गळ्यांचा एकदम आवाज आला. बाईंना नमस्ते म्हणतात, तो सूर कुठल्याही भाषेत ओळखू येतो. शेजारीण खुर्चीतून उठून उभी राहिली. त्या रिकाम्या ऑफिसात, झेरॉक्स मशीनसमोर, ती वर्गापुढे उभी राहावं तशी उभी होती. एरवी जपून शब्द ठेवणारी ही बाई तिच्या भाषेत इतकी भराभर आणि ठणठणीत बोलते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

ती बोलता बोलता थांबली. मग मागच्या बाकांवरून असावं, कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा वर्ग हसला. फोन फाटेल असं हसला. शेजारीणही हसत होती. मला एक अक्षर कळलं नाही, तरी तिनं त्यांना आपले मार्क सांगितले, हे कळलं.

हसणं ओसरल्यावर एका मुलीचा आवाज आला, फोनच्या अगदी जवळून. लहानसा प्रश्न. शेजारणीचं हसू गेलं. तिनं एक हात टेबलावर टेकला. मग हळू, पाच-सहा शब्दांत उत्तर दिलं. पलीकडे कोणी हसलं नाही. सरांनी फोन परत घेतला, दोन वाक्यं झाली आणि फोन बंद.

"काय विचारलं तिनं?" मी म्हटलं.

"तिनं विचारलं, बाई, तुम्हाला एवढंच कळतं, तर तुम्ही तिकडे राहता कशा?"

"मग? तू काय सांगितलंस?"

ती हेडफोनची वायर बोटांवर गुंडाळत होती.

"सांगितलं, न कळता राहते."